सोनेरी हातांची नेत्रविद्या

सेल्जुक सुलतान मलिकशाह इ.स. १०७२ मध्ये गादीवर आला आणि थोड्याच काळात किरमानचा अधिपती असलेला त्याचा चुलता कावुर्द त्याच्यावर चालून आला. लढाईत कावुर्द हरला. त्याला ठार करण्यात आले आणि त्याच्या दोन मुलांचे डोळे घालवण्याचा हुकूम सुटला. आंधळा माणूस राज्य करू शकत नाही असा तेव्हाचा संकेत होता. त्यामुळे दावेदाराला मारण्यापेक्षा आंधळा करून सोडणे हा राजकारणातला सौम्य मार्ग समजला जाई. या हुकमाची अंमलबजावणी मात्र अर्धवट झाली. त्या दोघांपैकी सुलतानशाहची दृष्टी पुरती गेली नाही आणि पुढे त्याने किरमानवर दहाएक वर्षे राज्यही केले. याच मलिकशाहच्या कारकिर्दीत, हिजरी ४८० म्हणजे इ.स. १०८७-८८ मध्ये, गुरगानच्या अबू रूह मुहम्मद बिन मन्सूर या वैद्याने सुलतानासाठी ‘नूर-उल-उयून’ हा ग्रंथ लिहिला. या वैद्याला लोक ‘जर्रीनदस्त’ म्हणत, म्हणजे सोन्याच्या हाताचा. केवळ नेत्रविकारांना वाहिलेला फारसी भाषेतला हा पहिला ज्ञात ग्रंथ.

डोळे घालवणारे आणि डोळे वाचवणारे एकाच दरबाराच्या आश्रयाने राहत होते, आणि दोघांच्या हातातले साधनही बरेचसे सारखे होते. सुरमा घालायची सळई तापवून डोळ्यांवरून फिरवणे ही आंधळे करण्याची रूढ रीत होती. बगदादमध्ये दहाव्या शतकात बारा वर्षांच्या अवधीत अल-काहिर, अल-मुत्तकी आणि अल-मुस्तकफी अशा तीन खलिफांना पदच्युत करून आंधळे करण्यात आले. हा संकेत दरबारी रिवाजांबरोबर हिंदुस्थानातही पोचला. १७८८ मध्ये गुलाम कादिरने शाह आलमचे डोळे काढले ते याच हिशेबाने. महादजी शिंद्यांनी त्याच आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले आणि तो हिशेब मोडला, पण तो विषय वेगळा.

मध्ययुगीन इराणी नेत्रवैद्यकाबद्दल बोलताना सहसा दोनपैकी एक सूर लागतो. एक सूर अभिमानाचा: अमुक शोध युरोपच्या आधी अमुक शतके आमच्याकडे लागला होता. दुसरा सूर उपेक्षेचा: ग्रीकांचे ज्ञान या मंडळींनी जपून ठेवले आणि युरोपला परत दिले, त्यापलीकडे काही नाही. पहिल्या सुरात वैद्यक म्हणजे शर्यत होते, दुसऱ्यात टपालखाते. या वैद्यांसमोर रोज सकाळी येऊन बसणाऱ्या रुग्णाची आठवण दोन्हीकडे नसते. जर्रीनदस्त आणि त्याच्या आगेमागे झालेल्या नेत्रवैद्यांचे मोल ठरवायचे तर विचारायला हवे ते एवढेच, की हाती असलेल्या अपुऱ्या, काही बाबतींत साफ चुकीच्या शरीरशास्त्रावर त्यांनी भरवशाचा व्यवसाय कसा उभा केला. आमच्या मते त्यांचे खरे कर्तृत्व तिथे आहे.

हा वारसा वंशाच्या वा देशाच्या नावाने वाटून घेता येत नाही, हेही आधीच सांगितलेले बरे. खुजिस्तानातील गुंदेशापूर या ससानी शहराचे नाव या संदर्भात हमखास घेतले जाते. तिथून इ.स. ७६५ मध्ये बुख्तीशू घराण्यातला वैद्य खलिफा मन्सूरच्या उपचारांसाठी बगदादला बोलावला गेला, हे खरे. पण तिथल्या भव्य रुग्णालयाची आणि विद्यापीठाची जी वर्णने केली जातात, त्यांना समकालीन पुरावा फार थोडा आहे आणि आजचे इतिहासकार त्याबाबत बरेच सावध झाले आहेत. गुंदेशापूरच्या परंपरेतल्या युहन्ना इब्न मासवैहने नवव्या शतकात डोळ्याच्या विकारांवर अरबीत पुस्तक लिहिले. त्याचा काही काळ शिष्य असलेला हुनैन इब्न इसहाक (इ.स. ८०९-८७३) हा हीराचा अरब ख्रिस्ती. ग्रीक वैद्य गॅलेनचे ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणून त्याने ‘डोळ्यावरील दहा प्रबंध’ रचले, आणि पुढची कित्येक शतके तेच नेत्रवैद्यकाचे पाठ्यपुस्तक होते. राझी आणि इब्न सीना इराणी, पण लिहिणार मुख्यतः अरबीत. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सांध्यावर बगदादच्या अली इब्न ईसाने ‘तज़किरत-उल-कह्हालीन’ लिहिले. एकशे तीस नेत्रविकारांची मांडणी करणारे हे पुस्तक प्रत्येक कह्हालच्या, म्हणजे नेत्रवैद्याच्या, हाताशी असे. जर्रीनदस्तची भिस्तही हुनैन आणि अली इब्न ईसा यांच्यावरच आहे. तेव्हा ‘इराणी परंपरा’ असे म्हणताना आपण इराणी शहरे, इराणी आश्रयदाते आणि पुढे फारसी भाषा यांभोवती जमलेल्या एका मिश्र व्यवसायाबद्दल बोलत असतो.

या मिश्रणात भारताचाही वाटा आहे. तबरिस्तानच्या अली इब्न रब्बनने इ.स. ८५० मध्ये ‘फिर्दौस-उल-हिकमत’ पूर्ण केला. त्याच्या अखेरच्या भागात चरक, सुश्रुत, माधवनिदान आणि अष्टांगहृदय यांच्या आधारे भारतीय वैद्यकाचा सारांश दिलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग आणि शलाकेने मोतीबिंदू सरकवण्याची क्रिया येते. म्हणून इराणी वैद्य हे तंत्र सुश्रुतापासून शिकले असा निष्कर्ष काढण्याची घाई आपल्याकडे होते. ती क्रिया ग्रीक-रोमन जगालाही ठाऊक होती आणि कह्हालांच्या ग्रंथांतली परिभाषा, शरीरवर्णन, रोगांची वर्गवारी हे सगळे गॅलेनच्या वळणाचे आहे. ओळख होती एवढे निश्चित. ऋणपत्र लिहून घेण्याइतका पुरावा नाही.

रय शहरचा अबू बक्र राझी (सुमारे ८६५-९२५) हा या परंपरेतला सर्वांत चौकस माणूस. उजेडात डोळ्याची बाहुली का आकसते आणि अंधारात का रुंदावते, या एकाच प्रश्नावर त्याने स्वतंत्र पुस्तिका लिहिल्याची नोंद जुन्या ग्रंथसूचीत आहे. रय आणि बगदाद इथली रुग्णालये त्याने सांभाळली. त्याच्या ‘हावी’ या प्रचंड टिपणसंग्रहात जुन्या आचार्यांची मते एकाखाली एक लिहून, शेवटी ‘माझ्या मते’ म्हणून स्वतःचा अनुभव देण्याची त्याची सवय दिसते. उतारवयात राझीला दिसेनासे झाले. त्याविषयी एक कथा सांगतात. शस्त्रकर्म करायला आलेल्या वैद्याला त्याने विचारले, डोळ्याला थर किती? त्याला उत्तर देता येईना. तेव्हा, ज्याला हे ठाऊक नाही त्याची सळई माझ्या डोळ्याला लागणार नाही, असे म्हणून राझीने त्याला परत पाठवले. दुसऱ्या पाठात, जग पुरेसे पाहून झाले आता कंटाळा आला, असे तो म्हणतो. कथा खरी की रचलेली यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्या काळी नेत्रवैद्याची लायकी कशावरून ठरावी असे लोकांना वाटे, ते या कथेतून कळते.

आणि ती नुसती कथाच राहिली नाही. बाराव्या शतकातील सीरियात शैज़रीने बाजारपेठेवर देखरेख ठेवणाऱ्या मुहतसिबासाठी एक नियमपुस्तिका लिहिली. धान्याचे माप, खाटकाची सुरी, हलवायाची कढई यांच्या तपासणीबरोबर कह्हालांचीही तपासणी तीत आहे. हुनैनच्या दहा प्रबंधांवर त्याची परीक्षा घ्यावी, डोळ्याचे सात थर आणि तीन रस त्याला सांगता आले पाहिजेत, त्याची हत्यारे नीट असली पाहिजेत, आणि मगच त्याला धंद्याची परवानगी द्यावी असा दंडक आहे. रस्त्याकडेला बसणाऱ्या फिरत्या डोळेवाल्यांवर तर शैज़री चांगलेच तोंडसुख घेतो. हा नियम प्रत्येक गावी पाळला जात असेल असे मानण्याचे कारण नाही. पण धान्याच्या मापाइतकीच नेत्रवैद्याच्या ज्ञानाची तपासणी हे सार्वजनिक काम आहे, ही समज रुजली होती, आणि तशी तपासणी करता येईल असे नेमके पाठ्यपुस्तकही हाताशी होते.

‘नूर-उल-उयून’चे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते. ग्रंथ दहा प्रकरणांचा आणि प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. शिष्याने विचारावे, गुरूने सांगावे. पाठांतराला सोयीची आणि परीक्षेला त्याहून सोयीची अशी ही मांडणी हुनैननेही वापरली होती. शरीररचना, विकारांची गणती, बाहेरून दिसणारे आणि न दिसणारे रोग, औषधे असा क्रम लावताना हाताच्या कामाला, म्हणजे शस्त्रकर्माला, जर्रीनदस्तने स्वतंत्र प्रकरण दिले आहे. आणि कोणते विकार बरे होणारे नाहीत हेही तो वेगळे सांगतो. रुग्णाला नाही म्हणायला शिकवणारे पाठ्यपुस्तक दुर्मीळच.

फारसीत लिहिण्याचा निर्णयही तितकाच महत्त्वाचा. विद्येची प्रतिष्ठा अरबीला होती. पण सेल्जुक दरबाराचा कारभार फारसीत चाले आणि खोरासान, गुरगान, इस्फहान इथल्या सामान्य कह्हालला अरबी कितपत समजे हा प्रश्नच होता. फारसीत वैद्यक लिहिण्याची वाट आधी शंभर वर्षे पडू लागली होती. दहाव्या शतकात अखवैनी बुखारी या राझीच्या शिष्याच्या शिष्याने फारसीत वैद्यकाचे पाठ्यपुस्तक लिहिले. हकीम मैसरीने तर सारे वैद्यक पद्यात बांधले. हेरातच्या मुवफ्फकचा औषधीकोश त्याच सुमाराचा आणि त्याची १०५५-५६ मधली हस्तलिखित प्रत आज व्हिएन्नात आहे. जर्रीनदस्तनंतर एका पिढीने त्याच गुरगान प्रांतातल्या सय्यद इस्माईल जुरजानीने ‘ज़खीरा-ए-ख्वारज़्मशाही’ हा फारसी वैद्यककोश रचला. गळ्यावरची गाठ आणि बाहेर आलेले डोळे यांचा संबंध त्यात नोंदवलेला आहे. ज्ञानेश्वरांनी ‘माझा मऱ्हाटाचि बोलु’ची पैज घेण्याच्या दोन-तीन शतके आधी इराणात वैद्य मंडळी आपापल्या परीने हेच काम गाजावाजा न करता करत होती.

आता मोतीबिंदूकडे वळू, कारण या वैद्यकाची ताकद आणि मर्यादा तिथे एकाच वेळी दिसते. हुनैनच्या चित्रात डोळा म्हणजे एकात एक सात थर आणि त्यांत तीन रस: मागे काचेसारखा, मध्ये बर्फासारखा, पुढे अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा. मधला बर्फासारखा रस म्हणजे आपले नेत्रभिंग. गॅलेनच्या मते पाहण्याचे काम तेच करते, म्हणून मानाने ते डोळ्याच्या बरोबर मध्यभागी. मेंदूकडून पोकळ मज्जेतून दृष्टीचे चैतन्य तिथे येते. भिंग मध्यात म्हटले की बाहुली आणि भिंग यांच्यामध्ये मोकळी जागा उरते. मोतीबिंदूत बाहुलीमागे जो पांढुरका पडदा दिसतो, तो म्हणजे या मोकळ्या जागेत डोक्याकडून उतरून गोठलेले पाणी, अशी त्यांची खात्री होती.

प्रत्यक्षात अशी मोकळी जागा जवळजवळ नसतेच आणि गढूळ होते ते खुद्द भिंग. शेकडो डोळ्यांत सळई घालणाऱ्यांना हे कळू नये याचे आज नवल वाटते. पण त्यांचा तर्क पाहा. सळईने तो पडदा खाली ढकलला की रुग्णाला दिसू लागते. पाहणारा अवयव भिंग आहे. मग ढकलले ते भिंग कसे असेल? भिंगच हलवले असते तर उरलीसुरली दृष्टीही जायला हवी होती. अनुभव आणि सिद्धांत एकमेकांना इतके घट्ट धरून होते की चूक शिरली कुठून हे दिसायला वावच नव्हता. १६०४ मध्ये केप्लरने प्रतिमा नेत्रपटलावर उमटते असे दाखवले, तेव्हा कुठे भिंग त्या मानाच्या जागेवरून उतरले. त्यानंतरही शंभर वर्षे गेली. १७०५ मध्ये फ्रान्समध्ये ब्रिसोने एका मृत सैनिकाचा मोतीबिंदू झालेला डोळा उघडून पाहिला आणि गढूळ झालेले भिंगच आहे हे सांगितले. त्यावरही वाद झालाच.

कृती मात्र काळजीपूर्वक बसवलेली होती. रुग्णाला उजेडाकडे तोंड करून बसवायचे आणि वैद्याने त्याच्यापेक्षा जरा उंच बसायचे. मदतनीस मागून डोके घट्ट धरतो. दुसऱ्या डोळ्यावर पट्टी बांधतात, म्हणजे तो हलला की हाही हलणे टळते. बुबुळाच्या कडेपासून थोडे दूर, कानाकडच्या बाजूने सळई आत शिरते आणि बाहुलीमागे तिचे टोक दिसू लागते. मग त्या टोकाने पडदा हळूहळू खाली दाबायचा, जरा थांबायचे आणि तो वर येतो का ते पाहायचे. आला तर पुन्हा दाबायचा. नंतर पट्टी, उताणे निजणे आणि काही दिवस खोकला, शिंक, बोलणे, चावणे या सगळ्यांपासून जपणे. सळई काढण्याआधी रुग्णाला काहीतरी दाखवून त्याची हौस पुरवावी की नाही यावरही मते आहेत.

त्याहून मोलाची आहे ती आधीची पारख. रुग्णाला उजेड-अंधार कळतो का? पडदा पुरेसा घट्ट झाला आहे का? ‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला आपल्याकडे परवापरवापर्यंत ऐकू येत होता, त्याचे मूळ या जुन्या सळईच्या कामात आहे, कारण पातळ पडदा दाबला तर फुटून पसरे. तिसरी परीक्षा बाहुलीची. एक डोळा मिटायला सांगून दुसऱ्याची बाहुली रुंदावते का ते बघायचे. रुंदावली तर मिटलेल्या डोळ्याचे चैतन्य वाट काढून इकडे आले, मज्जा मोकळी आहे, शस्त्रकर्म करायला हरकत नाही. हे स्पष्टीकरण आज कुणी मानणार नाही. दोन्ही बाहुल्या एकमेकींच्या उजेडाला प्रतिसाद देतात म्हणून ती रुंदावते. पण मुळीच न हलणाऱ्या बाहुलीचा डोळा सळईला चांगला नव्हे, हे निरीक्षण खरे होते आणि त्याने अनेक निरर्थक शस्त्रकर्मे टळली असतील.

यश किती येई? भिंग खाली पडलेल्या डोळ्याला जाड भिंगाच्या चष्म्याशिवाय स्पष्ट दिसत नाही, आणि चष्मे तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत निघाले. तेव्हा यशस्वी रुग्णालाही आकृती, रंग, माणसांची चाहूल एवढेच लाभत असणार. जंतुसंसर्ग आणि डोळ्यातला वाढलेला दाब यांनी अनेक डोळे नंतर जातही असणार. तरी भिंतीला धरून चालणारा माणूस दारातून एकटा बाहेर पडू लागला, तर त्याच्या घरच्यांना तो चमत्कारच. या कामात कल्पकतेची झेपही दिसते. मोसुलहून इजिप्तला गेलेल्या अम्मार इब्न अलीने अकराव्या शतकाच्या आरंभी मऊ मोतीबिंदू पोकळ सुईतून ओढून काढण्याची कृती लिहून ठेवली. आजच्या नेत्रतज्ज्ञांना तिचे फार कौतुक आहे. तिचा प्रसार थोडाच झाला, आणि त्या काळातली सुई, ती ओढणारे तोंड आणि न धुतलेले हात डोळ्यांसमोर आणले तर त्याबद्दल हळहळ वाटायला नको.

कह्हालची रोजची कमाई मात्र मोतीबिंदूवर नसावी. धूळ, उन्हाळा, माश्या आणि दाटीवाटीची घरे असलेल्या मुलखात डोळे येणे, खुपऱ्या, पापणीचे केस आत वळणे, रांजणवाडी हे खरे गिऱ्हाईक. खुपऱ्यांसाठी पापणी उलटी करून आतली खरबरीत बाजू साखरेने वा लहानशा पात्याने खरवडत. बुबुळावर रक्तवाहिन्यांचे जाळे चढले तर बारीक आकड्यांनी ते उचलून कातरत. केस आत वळले असतील तर पापणीवरच्या कातडीची पट्टी कापून टाके घालत, म्हणजे पापणी बाहेर ओढली जाई.

औषधांच्या पेटीत सुरमा होताच, आणि तुतिया होता. तुतिया म्हणजे जस्ताची भस्मासारखी पूड. ती किरमानची प्रसिद्ध होती. तेराव्या शतकात त्या वाटेने गेलेल्या मार्को पोलोने कोहबनान इथे ती कशी करतात हे सांगितले आहे: खाणीतली माती भट्टीत जाळायची, वर लोखंडी जाळी ठेवायची, धूर जाळीला चिकटतो तो तुतिया. डोळ्यांना फार चांगला, असेही तो लिहितो. जस्ताच्या संयुगांचा सौम्य तुरट आणि जंतुरोधक गुण आजही मान्य आहे. सुरम्याचे तसे म्हणता येत नाही. बाजारातला पुष्कळसा सुरमा शिशाच्या खनिजाचा असे व आजही असतो, आणि लहान मुलांच्या शरीरात शिसे जाणे घातक आहे. परंपरेने दिलेले सारेच उचलून घेण्याआधी हा फरक ध्यानात ठेवावा.

रातांधळेपणावर बकऱ्याची कलेजी भाजून तिचा सुटलेला रस डोळ्यांत घालावा आणि कलेजी खावी, असा जुना उपाय या ग्रंथांत आहे. कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर असते. डोळ्यांत घातलेल्या थेंबांपेक्षा पोटात गेलेल्या घासाने काम केले असणार. शाहनाम्यात पांढऱ्या राक्षसाच्या मायेने आंधळा झालेला राजा कैकाऊस त्याच राक्षसाच्या काळजाच्या रक्ताने बरा होतो. फिर्दौसीच्या त्या कथेत जीवनसत्त्व शोधण्याचा मोह आवरलेला बरा.

या वैद्यांना संस्थांचा आधार होता. बुवैही सत्ताधीश अज़ुद-उद-दौलाने इ.स. ९८२ मध्ये बगदादला उभारलेल्या रुग्णालयात वैद्य, शल्यवैद्य, हाडवैद्य यांच्या जोडीला कह्हाल वेगळे नेमले होते. तबरेजला मंगोल अमदानीतला वजीर रशीदुद्दीन याने १३०९ मध्ये केलेले रब-ए-रशीदीचे वक्फपत्र आज उपलब्ध आहे आणि तिथल्या दवाखान्याच्या नेमणुकांतही कह्हालची जागा आहे. मंगोलांनी सारे धुळीस मिळवले आणि विद्या संपली, ही सोपी कथा या कागदापुढे टिकत नाही.

शिराजचे उदाहरण तर विचारात टाकणारे. कुतबुद्दीन शिराजी (१२३६-१३११) हा वडील वारल्यावर अवघ्या चौदाव्या वर्षी तिथल्या मुजफ्फरी रुग्णालयात त्यांच्या जागी नेत्रवैद्य म्हणून लागला. पुढे तो मोठा ज्योतिर्विद झाला. त्यानेच आपला शिष्य कमालुद्दीन फारसी याला इब्न हैसमच्या प्रकाशशास्त्राकडे वळवले, आणि कमालुद्दीनने पाण्याने भरलेल्या काचगोलावर प्रयोग करून इंद्रधनुष्याचे जवळपास अचूक स्पष्टीकरण दिले. प्रकाश डोळ्यात कसा शिरतो याची त्या काळातली सर्वांत चांगली समज आणि डोळ्यात सळई कशी घालावी याचा अनुभव, ही दोन्ही टोके एकाच गुरुशिष्यांच्या जोडीत एकत्र आली होती. तरी दोन्ही विद्या आपापल्या वाटेने गेल्या. इब्न हैसमनेही पाहणारा अवयव म्हणून भिंगच कायम ठेवले होते. त्यामुळे कह्हालच्या चित्रात काही बदलावे असा आग्रह प्रकाशशास्त्राकडूनही आला नाही. या परंपरेचा दोष शोधायचा तर तो धर्मात किंवा आक्रमणात शोधण्याआधी इथे शोधावा. ग्रंथ परीक्षेला इतका चोख उतरत होता की त्यातल्या थरांची संख्या पाठ म्हणणाऱ्याने डोळा चिरून ती मोजावी अशी गरजच भासली नाही. ज्या पाठ्यपुस्तकाने भोंदूंना दूर ठेवले, त्यानेच शंकेखोरांनाही दूर ठेवले.

आज हे सारे आपल्याला ठाऊक आहे याचे श्रेय बरेचसे दोन जर्मन नेत्रतज्ज्ञांना जाते. बर्लिनचे यूलिउस हिर्शबर्ग डोळ्यात शिरलेला लोखंडाचा कण विद्युतचुंबकाने काढणारे शल्यवैद्य. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सहकाऱ्यांसह अरबी नेत्रवैद्यांचे ग्रंथ अभ्यासले आणि नेत्रवैद्यकाच्या आपल्या विशाल इतिहासात जर्रीनदस्तलाही जागा दिली. माक्स मायरहोफ यांनी कैरोत खुपऱ्यांच्या रुग्णांवर उपचार करता करता हुनैनचे दहा प्रबंध १९२८ मध्ये संपादित केले. दोघांच्याही लेखनात एक गोष्ट जाणवते: जुन्या कह्हालला ते सहव्यवसायी मानतात. कुठे तो चुकला आणि कुठे त्याचा हात बरोबर चालला, हे त्यांना स्वतःच्या हाताच्या अनुभवावरून कळते.

या देवाणघेवाणीचा एक धागा आपल्या दख्खनपर्यंतही येतो. इतिहासकार फिरिश्ता हा अस्तराबादचा, म्हणजे जर्रीनदस्तच्या गुरगान प्रांतातला. तो लहानपणी अहमदनगरला आला, १५८९ मध्ये विजापूरला इब्राहिम आदिलशहाकडे गेला, आणि त्याने भारतीय वैद्यकावर फारसीत ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ लिहिले. या मुलखात येणारा इराणी इथले वैद्यक समजून घेऊन आपल्या भाषेत मांडत होता. अली इब्न रब्बनने सुश्रुताची ओळख करून दिल्याला तेव्हा साडेसातशे वर्षे होत आली होती.

मोतीबिंदूच्या सळईचे दिवस फ्रेंच शल्यवैद्य दाव्हिएल याने १७४७ मध्ये गढूळ भिंगच डोळ्याबाहेर काढले तेव्हापासून भरत आले. खुपऱ्यांनी मात्र कह्हालांना जितके दमवले तितकेच पुढच्यांनाही दमवले. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्यांचे उच्चाटन झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केले ते इराणबाबत २०१८ मध्ये आणि भारताबाबत २०२४ मध्ये. त्यासाठी वापरलेली उपाययोजना चार कलमी आहे: आत वळलेल्या पापणीचे शस्त्रकर्म, प्रतिजैविके, चेहऱ्याची स्वच्छता आणि पाणी-शौचालयांची सोय. यातले पहिले कलम जर्रीनदस्तला लगेच ओळखू आले असते. उरलेल्या तिन्हींपैकी औषध त्याच्या पेटीत नव्हते, आणि गावाला पाणी पुरवण्याचे काम नेत्रवैद्याचे आहे असे त्याला कुणी सांगितलेही नव्हते.